मुसाफिर, पाहुणा आणि संशयित

जर्मनीतील कोलोन शहर म्हटले की डोळ्यांसमोर येते ते जुळ्या मनोऱ्यांचे कॅथेड्रल. पर्यटक ते पाहतात, ऱ्हाईनच्या काठी फिरतात आणि परततात. नदीपलीकडच्या म्युलहाइममधील कॉयपश्ट्रासे ही गल्ली मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. माझ्या मते कोलोनचा अलीकडचा इतिहास समजून घ्यायचा, तर या गल्लीत यायला हवे.

म्युलहाइम हा कारखान्यांचा भाग. केबल बनवणारा इथला कार्ल्सवेर्क कारखाना १८७४ सालचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कामगार कमी पडू लागले, तेव्हा पश्चिम जर्मनीने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी करार केला. आलेल्यांना नाव मिळाले 'पाहुणे कामगार'. तुर्की भाषेत पाहुण्याला 'मिसाफिर' म्हणतात. उर्दू शिकवताना मला या शब्दाची गंमत वाटते. मूळ शब्द एकच, अरबी; पण आपला मुसाफिर वाटेवर असतो, तुर्कांचा घरात आलेला असतो. जर्मनीला हवा होता तो आपला मुसाफिर, काम संपले की निघून जाणारा.

पण माणसे राहिली. कुटुंबे आली, मुले इथेच शिकली. पुढे कारखान्यांतली कामे घटली, तेव्हा अनेकांनी दुकाने थाटली. मिठाई, दागिने, लग्नाचे कपडे, केशकर्तनालये, उपाहारगृहे यांनी गल्ली गजबजली.

९ जून २००४ रोजी इथल्या एका केशकर्तनालयासमोर सायकलवर ठेवलेला खिळ्यांचा बॉम्ब फुटला. २२ जण जखमी झाले. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री ओटो शिली यांनी, प्राथमिक माहिती दहशतवादाकडे नव्हे तर गुन्हेगारी वर्तुळाकडे बोट दाखवते, असे सांगितले. मग जखमींची आणि दुकानदारांचीच चौकशी वर्षानुवर्षे चालली. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. नोव्हेंबर २०११ मध्ये उघड झाले की बॉम्ब 'एनएसयू' या नवनाझी टोळीचा होता. त्या संशयाला रहिवासी दुसरा हल्ला म्हणतात, आणि ते मला पटते. खिळ्यांच्या जखमांवर डॉक्टरांनी तरी इलाज केला. सात वर्षांच्या संशयावर कोण करणार?

२०१४ मध्ये, दहा वर्षे झाली तेव्हा, इथे मोठा उत्सव झाला. राष्ट्राध्यक्ष योआखिम गाऊक स्वतः आले. उत्सवाचे नाव तुर्की होते, 'बिर्लिक्ते', म्हणजे 'एकत्र'. पाहुण्यासाठी कुणी असा शब्द वापरत नाही. तो घरच्या माणसांचा आहे.