एका सद्गृहस्थाचें स्मरण : रेव्हरंड नारायण वामन टिळक



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी अंकांत मंदिराच्या बांधकामाचा, धर्मगुरूंचा व दात्यांचा वृत्तांत वाचकांस अन्यत्र मिळेलच. आम्हीं येथें एका संसारी पुरुषाचें स्मरण करण्याचें योजिलें आहे. रेव्हरंड टिळक आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, हें आम्ही जाणतों. परंतु विभक्त बंधूंच्या ठायीं दिसणारें ख्रिस्ताचें देणें आनंदानें ओळखावें, असें दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें (१९६२–६५) आपणांस शिकविलें आहे. शिवाय या पुरुषाचे बालपणांतील दिवस आपल्याच कल्याणांत गेले आहेत.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. १८६९ पासून १८७३ पर्यंत ते कल्याणास शाळेंत होते. आगगाडी त्यापूर्वींच, १८५४ सालीं, कल्याणास पोहोंचली होती. वडील वामनराव करड्या शिस्तीचे, तर आई जानकीबाई मायाळू. ती माउली लवकर निवर्तली आणि नारायणानें नाशिकची वाट धरली. ज्या मुलाचें घर असें अकालीं हरपलें, तोच पुढें महाराष्ट्राचा 'फुलामुलांचा कवि' झाला, हें चिंतनीय आहे.

लक्ष्मीबाईंशीं त्यांचा विवाह झाला तेव्हां त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें टिळकांस नवा करार दिला. त्याच्या वाचनानें मनाचा कायापालट होऊन १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशीं संसार दुभंगला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांकडे राहिल्या. चार-पांच वर्षांचा हा वियोग दोघांसही जाळणारा होता. श्रद्धेसाठीं घर गमवावें, कीं घरासाठीं श्रद्धा? टिळकांनीं दोहोंपैकीं एकही टाकिलें नाहीं. त्यांनीं दुसरा संसार मांडिला नाहीं, ते वाट पाहत राहिले. अखेर पतिपत्नी एकत्र आलीं, आणि १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या अंतःकरणाची साक्ष पटल्यावर बाप्तिस्मा घेतला.

टिळक निर्दोष होते, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचा राग शीघ्र असे. हातीं आलेला पैसा दुसऱ्याची अडचण दिसतांच निघून जाई, आणि चुलीची चिंता पत्नीस करावी लागे. हें सारें लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत हंसत हंसत, कांहींएक न लपवितां, सांगितलें आहे. पतीचे दोष इतक्या मोकळेपणानें सांगूनही वाचकाच्या मनांत त्याच्याविषयीं प्रेमच उरावें, याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणत्या गृहस्थास मिळणार?

याच पतीनें पत्नीस अक्षरओळख करून दिली होती. त्यांच्या अहमदनगरच्या घरीं बालकवि ठोंबरे यांस पुत्रवत् माया मिळाली. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईंत वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' काव्य अपुरें होतें. फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच परंपरेंतील हें कार्य लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. पतीनें हातीं दिलेलें अक्षर पत्नीनें असें सव्याज परत केलें.

आज ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कितीएक कुटुंबप्रमुख पहांटेची गाडी धरितात व लेंकरें निजल्यावर घरीं परततात. घरांत कोणी उपासनेस येतो, कोणी येत नाहीं. कांहीं घरीं तर पतिपत्नींचे धर्मही भिन्न असतात. अशा घरीं सक्तीनें प्रार्थना लादून भागत नाहीं. टिळकांचा धडा धीराचा आहे : आपली श्रद्धा सोडूं नये, आणि माणूसही सोडूं नये. विश्वपरिषदेनें कुटुंबास घरांतील ख्रिस्तसभाच म्हटलें आहे. दगडविटांच्या मंदिराचा महोत्सव साजरा करितांना त्या लहान मंदिरांची डागडुजीही आपल्या हातून होवो, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना.