कुत्रा छाप तबकडी

लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर वाजायच्या त्या काळ्या तबकड्या आठवतात? मधल्या गोल कागदावर कुत्रा असायचा, भोंग्यापुढे कान देऊन बसलेला. त्याचं नाव निपर. १८८४ साली इंग्लंडात ब्रिस्टलला जन्मला. टेरियर, पण थोडा मिसळीचा. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना चावे घ्यायचा, त्यावरूनच हे नाव पडलं!

टेरियर या शब्दाचं मूळच माती. कोल्ह्याच्या बिळात शिरायला, उंदीर-घुशी मारायला ही कुत्री पाळली. बिळात धन्याची हाक पोहोचत नाही. पुढे जायचं की माघारी फिरायचं, ते कुत्र्यानंच ठरवायचं. म्हणून टेरियर लवकर शिकतो, पण सांगितलेलं करीलच असं नाही. आपल्या साक्रीकडे ठेलारींच्या वाड्यावरचं कुत्रं तरी रात्री लांडग्यावर धावताना कुणाला विचारतं?

१८८७ मध्ये निपरचा मालक वारला. कुत्रा मालकाच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिस बॅरोकडे आला. १८९५ मध्ये निपरही गेला. पुढे फ्रान्सिसनं त्याचं चित्र काढलं. ग्रामोफोन कंपनीनं १८९९ मध्ये ते १०० पौंडांना घेतलं, तेही चित्रातलं जुनं यंत्र पुसून आपलं रंगवायला लावून. चित्राचं नाव ‘धन्याचा आवाज’. चावरा निपर जगभर आज्ञाधारक ठरला.

आपल्याकडेही ‘ऐकते’ ती पोरगी शहाणी, नाही का? पण फ्रान्सिस सांगायचा, आवाज येतो कुठून, याचंच निपरला कोडं पडायचं. कुणाकडे तबकडी असेल तर पुढच्या बैठकीला आणा. त्याची तिरपी मान आपण सगळ्या बघू.