झारशाहीच्या नोटा व राज्याची पत

जुन्या नाण्यांच्या संग्रहास विद्वानांच्या सभेंत मान आहे. जुन्या नोटांच्या संग्रहास अद्याप तितका नाहीं. राज्य बुडालें तरी सोन्याची मोहोर सोन्याच्या भावानें विकते. पण बुडालेल्या राज्याच्या नोटेचें मोल काय, असा प्रश्न लोक करितात, आणि तो रास्तहि आहे. नाण्याचें मोल त्याच्या धातूंत असतें. नोटेचें मोल दुसऱ्यानें दिलेल्या शब्दांत असतें. म्हणूनच एखाद्या राज्याची पत कशी चढली व कशी ढळली हें पाहावयाचें असेल, तर त्याच्या मोहोरांपेक्षां त्याच्या नोटा अधिक कांहीं सांगतात, असें आम्हांस वाटतें. ह्या दृष्टीनें रशियाच्या झारशाहीच्या नोटांइतका उद्‌बोधक संग्रह क्वचितच सांपडेल.

रशियांत कागदी चलन प्रथम काढिलें तें दुसऱ्या कॅथराइन राणीनें, १७६९ सालीं. तुर्कांशीं युद्ध जुंपलें होतें व पैशाची निकड होती. शिवाय तेथील नित्याच्या व्यवहाराचें नाणें तांब्याचें होतें, आणि एक पूड, म्हणजे सुमारें १६ किलो, तांब्याचे १६ रूबल पाडीत. ह्या हिशेबानें शंभर रूबलांचें तांबें शंभर किलोंहून अधिक भरे! कराचा पैसा राजधानीस न्यावयाचा म्हणजे गाड्यांची रांगच लागे. २५, ५०, ७५ व १०० रूबलांच्या ‘असिग्नात’ नांवाच्या नोटांनीं ही अडचण दूर केली. पांढऱ्या कागदावर काळी छपाई, कागदाच्या अंगांत जलचिन्ह, आणि खालीं अधिकाऱ्यांच्या शाईनें केलेल्या सह्या, एवढाच तिचा थाट. परंतु २५ च्या आंकड्याचे ७५ करणारे भामटे लवकरच निघाले, व १७७१ सालीं ७५ ची नोट बंद करावी लागली.

बाहेरच्या भामट्यांहून घरचा मोह अधिक घातक ठरला. १७८६ सालीं राणीनें नोटांस दहा कोटी रूबलांची मर्यादा घालून दिली. १७९६ सालीं ती वारली तेव्हां हा आंकडा पंधरा कोटींच्या वर गेला होता. पुढें नेपोलियनशीं युद्धें झालीं. त्यानें फौजेबरोबर खोट्या असिग्नात नोटाहि रशियांत आणविल्या. त्या खोट्या नोटा संग्राहकांस आज चांगल्या ओळखतां येतात. कारण खऱ्या नोटांवरील सह्या हातच्या, तर ह्यांवरील छापील, आणि कांहींच्या मजकुरांत रशियन ‘द’ च्या जागीं ‘ल’ पडलेला आहे. शेवटीं अर्थमंत्री कांक्रिन ह्यानें १८३९ ते १८४३ ह्या काळांत हा गोंधळ निस्तरला. साडेतीन कागदी रूबलांस चांदीचा एक रूबल, असा भाव कायमचा ठरला. म्हणजे राज्यानें आपल्याच शब्दाची किंमत रुपयास सुमारें साडेचार आणे केली. तरी तेवढी तरी त्यानें दिली. जुन्या नोटा परत घेण्यांत आल्या व नष्ट झाल्या. त्या आज इतक्या थोड्या कां मिळतात, ह्याचें कारण येथें आहे.

१८४३ पासून ज्या ‘पतनोटा’ निघाल्या त्यांचे रंग ठरलेले होते: एकची पिवळी, तीनची हिरवी, पांचची निळी, दहाची तांबडी. अक्षरशत्रु शेतकऱ्यासहि आपल्या हातांत काय पडलें हें रंगावरून कळे. १८६६ सालच्या मालिकेंत मोठ्या नोटांवर पूर्वींच्या राजांचीं चित्रें आलीं. शंभराच्या नोटेवर कॅथराइन राणी बसली ती अखेरपर्यंत तेथेंच राहिली, व लोक त्या नोटेस लाडानें ‘कातेंका’ म्हणूं लागले. सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी छापखान्यांत इव्हान ओर्लोव्ह ह्या कारागिरानें १८९० नंतरच्या दशकांत एकाच दाबांत अनेक रंग छापण्याची युक्ति शोधून काढिली. त्या नोटा भिंगाखालीं धरल्या असतां एकाच रेघेचा रंग मध्येंच पालटतो, पण रेघ कोठेंहि तुटत नाहीं. ही करामत साधणें खोट्या नोटा करणारांस अवघड होतें.

१८९७ सालीं अर्थमंत्री विट्टे ह्यानें रूबल सोन्यास बांधला. तेव्हांपासून नोटेच्या दर्शनी बाजूवरच लिहिलें जाऊं लागलें कीं, सरकारी पेढी कितीहि रकमेच्या नोटा सोन्याच्या नाण्यांत बदलून देईल, व एका रूबलांत शुद्ध सोनें १७.४२४ दोल्या, म्हणजे ०.७७४ ग्रॅम आहे. राज्याची सर्व मालमत्ता ह्या वचनास तारण आहे, असेंहि पुढें नमूद केलें होतें. १९१२ सालची पांचशेंची नोट वीतभराहून लांब आहे व तिजवर थोरला पीटर आहे. वैभवाचें ह्याहून मोठें प्रदर्शन कागदावर करणें कठीणच.

जुलै १९१४ मध्यें महायुद्ध सुरू होतांच सोनें देणें कायद्यानें थांबविण्यांत आलें. नोटेवरील मजकुरांत मात्र अक्षराचाहि फरक झाला नाहीं! छापखाना तेंच वचन रात्रंदिवस छापीत राहिला. लोकांनीं चांदी व पुढें तांबेंहि घरांत दडविलें, तेव्हां राजघराण्याच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचीं टपालाचीं तिकिटें जाड कागदावर छापून तीं सुट्या नाण्यांच्या जागीं चालविण्यांत आलीं.

ह्या पडत्या काळाची तारीख नोटेवर सांपडत नाहीं, ती सहीवरून काढावी लागते. १८९८ सालची एक रूबलची नोट जवळजवळ वीस वर्षें तेंच साल घालून छापली जात होती. तिजवर प्लेस्के ह्याची सही असेल तर ती १९०३ पर्यंतची, तिमाशेव्हची असेल तर १९०९ पर्यंतची, कोन्शिनची असेल तर १९१४ पर्यंतची, आणि शिपोव्हची असेल तर त्यानंतरची. प्लेस्केची नोट मिळाल्यास संग्राहकास आनंद होतो. शिपोव्हच्या नोटा ढिगांनीं मिळतात. झार गेल्यावरहि त्याच ठशांनीं छपाई चालली. १९१७ च्या अखेरीस बोल्शेव्हिकांस पैसा देण्याचें नाकारल्यामुळें शिपोव्हला काढून टाकण्यांत आलें. पण नव्या सरकारनें मुकुटधारी गरुडाच्या व शिपोव्हच्याच सहीच्या नोटा पुढेंहि छापल्या. कारण लोकांस नव्या नोटांपेक्षां झारच्या नोटांवर अधिक भरंवसा होता. राज्य मेलें तरी त्याच्या पतीवर उपजीविका करणारे होते!

तो भरंवसा फार महाग पडला. खेड्यांतल्या शेतकऱ्यांनीं आणि परागंदा झालेल्या कुटुंबांनीं ह्या नोटा चांगल्या दिवसांच्या आशेनें पेटींत जपल्या. १९२२ व १९२३ सालीं चलनाच्या आंकड्यांवरील शून्यें दोनदां कापलीं गेलीं, आणि १९२४ सालीं सोन्याचा नवा रूबल आला तेव्हां तो जुन्या पांच हजार कोटी रूबलांबरोबर धरला गेला. आयुष्यभराची पुंजी, मुलीच्या लग्नाचा पैसा, म्हातारपणाची तरतूद, सर्वांचा एकदमच निकाल लागला.

आतां संग्राहकाच्या बाजारभावाकडे वळूं. ज्या काळीं राज्यानें शब्द पाळला त्या काळच्या नोटा पेढींत परत आल्या, वटल्या व जाळल्या गेल्या. म्हणून त्या दुर्मिळ व महाग आहेत. ज्या काळीं शब्द मोडला त्या काळच्या नोटा कोणीं वटविल्याच नाहींत. म्हणून त्या मुबलक व स्वस्त आहेत. नवशिक्यानें आरंभ ह्या स्वस्त नोटांपासूनच करावा हें उत्तम. नोटेस इस्त्री करूं नये, डिंक लावूं नये. उजेडाकडे धरून जलचिन्ह पाहावें, सही वाचावी, आणि घड्यांच्या खुणांकडेहि लक्ष द्यावें. बाजारांत घडी पडलेल्या नोटेची किंमत उतरते. आम्हीं मात्र आपल्या वहींत शिपोव्हच्या सहीची, चार ठिकाणीं दुमडलेली दहा रूबलांची एक नोट मुद्दाम ठेविली आहे. कोणीतरी ती लहान घडी करून फार दिवस जपली असावी, असें त्या घड्यांवरून स्पष्ट दिसतें.