वाटेचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात आणि पाडव्याच्या मुहूर्तावर तिच्यात पहिला आकडा पडतो. जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र असे रकाने क्वचितच आढळतात. पहिली आगगाडी कोणत्या साली सुटली, हे आम्ही शिक्षक मुलांकडून घोकून घेतो; पण तिचे पैसे कोणी दिले आणि तोटा आला असता तर तो कोणाच्या पदरी पडणार होता, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. मला वाटते, वाटेची खरी कथा याच प्रश्नात दडलेली असते. आपल्या मुलखातल्या तीन वाटा घेऊन हा जमाखर्च मांडून पाहू.

पहिली वाट अगदीच आखूड. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी. माहीमहून वांद्र्याला जायचे तर होडीचाच आसरा, आणि पावसाळ्यात ती होडी म्हणजे जिवाशी खेळ. खाडीवर बांध घालून रस्ता व्हावा असे सर्वांनाच वाटे. फक्त थैलीचे तोंड सोडायला कोणी तयार नव्हते. कंपनी सरकारचाही हात आखडलेला. अखेर सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या. त्यांनी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली ती एकच : या रस्त्यावर कोणाकडूनही कर घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. गाडीवाला, पाटीवाली, साहेब आणि भिकारी असे सगळेच फुकट जाऊ लागले. दादर-माहीमच्या लेडी जमशेटजी रस्त्याला या माउलीचेच नाव आहे.

पण दानधर्मातून खाडी ओलांडता येते, सह्याद्री ओलांडता येत नाही. त्यासाठी लागणारा पैसा कोणा एका घरच्या तिजोरीत मावणारा नव्हता.

म्हणून दुसरी वाट वेगळ्या हिशेबाने झाली. मुंबईत आगगाडी यावी म्हणून नाना शंकरशेट आणि जमशेटजी यांच्यासारखी मंडळी खटपट करीत होती. भांडवल मात्र लंडनच्या बाजारातून यायचे होते. परक्या देशात, अनोळखी डोंगरात पैसा घालायला तिथला सावकार कचरत होता. तेव्हा १८४९ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. जमीन सरकारने फुकट द्यायची आणि भांडवलावर शेकडा ५ टक्के व्याजाची हमी घ्यायची. उत्पन्न कमी पडले तर तूट भरणार हिंदुस्थानची तिजोरी. आणि तिजोरी म्हणजे मुख्यतः शेतकऱ्याने भरलेला सारा. ज्याने रूळ डोळ्यांनी पाहिले नव्हते, तोही त्या रुळांचा जामीन झाला!

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुणे घेऊन ठाण्याला गेली. तोफांची सलामी झाली. पुढे बोरघाट फोडला गेला. त्या कामावर एका वेळी ४० हजारांवर मजूर राबत होते; पटकीने आणि अपघातांनी किती जणांचा बळी घेतला. १८६३ साली घाटातून गाडी धावू लागली आणि देश व कोकण यांच्यामधली भिंत जणू ठेंगणी झाली.

हमी नसती तर हे इतक्या लवकर झाले नसते, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्याला तोट्याची भीतीच नाही, तो काटकसर कशासाठी करील? हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनीच १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली की, पाच टक्क्यांची हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळीच्या पाण्यात गेला काय नि विटा-चुन्यात गेला काय, इंग्रज भांडवलदाराला त्याचे सुखदुःख नव्हते. दादाभाई नौरोजींनी आणि आमच्याच व्यवसायातले रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांनी या रेल्वेनीतीवर कडक टीका केली. पाटबंधाऱ्यांना पैसा नाही आणि रुळांना मात्र हात सैल, हे त्यांना सलत होते. दुष्काळात धान्य वाहून न्यायला गाडी हवीच. पण आधी पिकायलाही पाणी हवे.

तिसरी वाट कोकणची. घाटावर रूळ येऊन शंभर वर्षे लोटली, तरी कोकणचा माणूस बोटीवरच हेलकावे खात होता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी रेल्वेची मागणी लावून धरली. पण हा मार्ग पोटापुरते तरी मिळवील का, या प्रश्नापाशी घोडे अडे. गरीब मुलखाला गाडी नाही, कारण तो गरीब. आणि तो गरीब, कारण गाडी नाही!

हे चक्र फुटले ते १९९० साली. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री दंडवते, असा योग जुळून आला. स्वतंत्र महामंडळ निघाले. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोव्याचा ६ आणि केरळचा ६. बाकीचा मोठा पैसा रोखे विकून उभारायचा. म्हणजे लंडनच्या सावकाराऐवजी आता इथलीच बचत कामी आली. ई. श्रीधरन यांनी कामाची धुरा घेतली. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल उभा राहिला. गोव्यात खाजण जमिनींच्या काळजीने लोक रस्त्यावर आले आणि काम थांबवून चौकशी करावी लागली. पेडण्याच्या बोगद्यात तर मऊ माती पुनःपुन्हा ढासळे. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला आणि गाडी धावू लागल्यावरही उत्पन्नातून व्याज भागेना. जुने देणे फेडायला नवे कर्ज काढण्याची पाळी आली. मग १९९९ साली मालाने भरलेले ट्रकच गाडीवर चढवून नेण्याची युक्ती निघाली.

कोणी म्हणेल, हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण वाटेचा नफा वाटेच्याच वहीत शोधला तर तो सापडत नाही. तो आंबेवाल्याच्या घरी असतो, गणपतीला वेळेवर पोचलेल्या चाकरमान्याच्या दारात असतो. तिकिटाच्या खिडकीवर त्याची नोंद होत नाही. म्हणूनच वाट बांधताना लाभ कोणाला आणि भार कोणावर, हे आधी उघड सांगितले पाहिजे. बोरघाटच्या वेळी रयतेला कोणी विचारले नाही. गोव्याच्या शेतकऱ्याने रस्त्यावर उतरून विचारायला लावले. विलंब झाला खरा, पण तो लोकशाहीचा खर्च आहे आणि तोही वहीत धरायलाच हवा.

आज मेट्रोच्या, सागरी पुलांच्या, महामार्गांच्या घोषणा होतात, त्यांचे कोटींचे आकडे छापून येतात. ते वाचताना नुसते डोळे विस्फारून भागणार नाही. कर्ज कोणाचे, जामीन कोण आणि जमीन कोणाची गेली, हे तीन रकाने आपणच आखून घ्यावेत आणि ते भरून मागावेत. उद्या हप्ते फेडायचे आहेत ते आपल्याच मुलांना.