मॅट्रिक, एस.एस.सी. आणि ‘तत्सम’

आपल्यातील वडीलधारी मंडळी अजूनही ‘अमक्याचा मुलगा मॅट्रिक झाला’ असे म्हणतात. वास्तविक ती परीक्षा आपल्याकडून जाऊन पाऊणशे वर्षे लोटली. नाव मात्र टिकले, कारण नोकरी, लग्न आणि इभ्रत या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दावर अवलंबून असत. ही परीक्षा कोठून आली, तिच्या जागी काय आले आणि तिच्या बरोबरीच्या म्हणून कोणत्या सनदा पुढे आल्या, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. हीच मॅट्रिक. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले. बाळ गंगाधर टिळक १८७२ साली पुण्यातून मॅट्रिक झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही शाळा संपल्याची परीक्षा नव्हतीच, कॉलेजात शिरण्याची होती. शाळेत काय शिकवावे, हे त्यामुळे विद्यापीठ ठरवू लागले. इंग्रजीवाचून गत्यंतर नव्हते. संस्कृत, फारसी यांसारखी अभिजात भाषा घ्यावी, तर घरात तिचा गंध असलेल्या मुलाला ती सोपी जाई. ज्याला कॉलेजात जायचेच नाही, अशा कारागिराच्या किंवा दुकानदाराच्या मुलालाही चाळणी हीच.

१८८२ च्या हंटर आयोगाने या दोषावर बोट ठेवले आणि कॉलेजची एक व व्यवहाराची दुसरी, अशा दोन वाटा सुचवल्या. मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचारही याच आयोगाने केला. मुंबईच्या अंजुमन-इ-इस्लामचे बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्याच्यासमोर साक्ष दिली होती. पुढे मुंबई इलाख्यात ‘स्कूल फायनल’ नावाची परीक्षा निघाली. सरकारी कारकुनीला ती चाले, परंतु लोकांच्या मनातले मॅट्रिकचे स्थान तिला कधी मिळाले नाही. त्याखाली होती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी किंवा उर्दू सातवी. ती पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शके. माझ्या मते आपल्या समाजात शिक्षणाचा खरा पाया या सातवी पास मास्तरांनी घातला. त्यांची नोंद इतिहासात फारशी नाही, हे दुर्दैव.

मॅट्रिकला पर्याय देण्याचा धाडसी प्रयत्न पुण्याजवळ हिंगण्याला झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. त्याची प्रवेश परीक्षा स्वतंत्र, माध्यम मातृभाषा, आणि पदवी ‘गृहीतागमा’. मुली शिकल्या, पदव्या घेऊन बाहेर पडल्या. मात्र या विद्यापीठाला कायद्याचे अधिष्ठान १९५१ साली मिळाले. तोवर पस्तीस वर्षे गेली होती. ‘समकक्ष’ या लहानशा शब्दाची किंमत काय असते, ते यावरून कळावे. विद्या तीच असते, पण सनद मान्य नसली तर दार उघडत नाही. अलीगढच्या जामिया उर्दूच्या अदीब, अदीब माहिर वगैरे परीक्षांनाही हाच अनुभव आला. एका ठिकाणी मान्य, दुसऱ्या ठिकाणी अमान्य.

मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या कुटुंबांची हकीकत वेगळी. तिकडे निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षण उर्दूतून सुरू झाले. उर्दूतून मॅट्रिक झालेल्या पिढीला राज्य बदलल्यावर पुन्हा नवे कागद समजून घ्यावे लागले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मुंबई राज्यात एस.एस.सी. परीक्षा मंडळ झाले आणि शाळा संपल्याची परीक्षा विद्यापीठाकडून निघून मंडळाकडे आली. ही एस.एस.सी. अकरावीची होती. १९६५ चा कायदा होऊन १ जानेवारी १९६६ पासून आजचे राज्य मंडळ अस्तित्वात आले. त्याचे मुख्य कार्यालय पुण्यात भांबुर्ड्याला आहे. कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि १९७५ साली जुनी अकरावी व नवी दहावी या दोन्हींच्या मुलांनी एस.एस.सी. दिली. बारावीची पहिली परीक्षा १९७७ ची. यातून एक गैरसमज उरला आहे. जुनी अकरावीची एस.एस.सी. म्हणजे आजची बारावी नव्हे. तेव्हा अकरा वर्षांनंतर पदवीला चार वर्षे लागत, आता बारा वर्षांनंतर तीन. बेरीज दोन्हीकडे पंधराच.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात असे आहे की, सतरा वर्षांवरील मुसलमानांपैकी १७ टक्के मॅट्रिक झालेले होते, तर सर्व समाजांचे मिळून हे प्रमाण २६ टक्के होते. म्हणजे आपली बरीच मुले या दाराच्या अलीकडेच थांबतात. शाळा सुटलेल्यांसाठी मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. परीक्षा तीच, प्रश्नपत्रिका त्याच. फक्त नावनोंदणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी करावी लागते आणि ती मुदत हुकली की वर्ष जाते. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. १९८९ साली निघालेली ही संस्था आज एन.आय.ओ.एस. म्हणून ओळखली जाते. मदरशात शिकणारी मुलेही या वाटेने दहावी होऊ शकतात. अमेरिकेत देशभर मिळून शाळा संपल्याची एकच परीक्षा नाही, विषयांचे ठरावीक क्रेडिट पुरे केले की डिप्लोमा मिळतो. तेथेही १९४२ साली युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी जी.ई.डी. ही बरोबरीची परीक्षा काढावी लागली.

आखातातून परतणाऱ्या कुटुंबांनी मात्र जपून असावे. तेथील शाळा सी.बी.एस.ई.ची असेल तर प्रश्न नाही. शाळा ब्रिटिश पद्धतीची असेल, तर सनद विषयवार मिळते. ती येथे मान्य आहे की नाही, हे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ठरवते. दहावीच्या बरोबरीसाठी किमान पाच विषयांत ए ते सी यांपैकी श्रेणी लागते. तीनचार विषय देऊन मुलगा परत आला, तर उरलेले विषय पुरे केल्याशिवाय अकरावीचा प्रवेश अडतो. तेव्हा विषयांची मोजदाद विमानात बसण्यापूर्वीच, तेथील शाळेत बसून करून घ्यावी.