बांद्यापासून लोकसभेपर्यंत : पक्ष विरत गेला, मतदारसंघ टिकला

१/ लोकसभेत प्रजा समाजवादी पक्षाचे १९५७ मध्ये १९ खासदार होते. १९६२ मध्ये १२, १९६७ मध्ये १३ आणि १९७१ मध्ये अवघे २. त्या दोघांपैकी एक बंगालमधील कांथीचा, दुसरा कोकणातील राजापूरचा. गोव्याच्या सीमेवरचा सावंतवाडी-बांदा हा टापू याच राजापूर मतदारसंघात मोडत असे. पक्ष देशभर ओसरत असता हा मतदारसंघ १९५७ ते १९९१, सलग ३४ वर्षे, समाजवाद्यांकडे कसा राहिला? #थ्रेड

२/ नेहमीचे उत्तर : बॅ. नाथ पैंचे वक्तृत्व. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. वेंगुर्ल्याच्या या सुपुत्राचे १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात अकस्मात निधन झाले. वय अवघे ४८. मार्चमध्ये निवडणूक. उमेदवार मधु दंडवते : जन्माने अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. समोर इंदिरा लाट. तरीही ते निवडून आले. वक्ता गेला, मत मात्र जागचे हलले नाही.

३/ त्या मताची मुळे बांद्याच्या वेशीवर सापडतात. १९६१ पर्यंत येथून थोड्याच अंतरावर, पत्रादेवीला, पोर्तुगीज हद्द सुरू होई. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे व सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. १५ ऑगस्टला देशभरातून आलेले सत्याग्रही निःशस्त्र सीमा ओलांडू लागले आणि पत्रादेवीला गोळ्या चालल्या. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल तेथेच हुतात्मा झाले. पुढे नेहरू सरकारने सत्याग्रहींना सीमा बंद केली. गोरे प्रजा समाजवादी पक्षाचे. दंडवतेही या लढ्यातले सत्याग्रही. सीमेवरच्या गावाला या पक्षाची पहिली ओळख झाली ती मते मागणाऱ्यांची नव्हे, मार खाऊन परतणाऱ्यांची.

४/ १९५७ च्या विजयाला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे बळ होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. खरी कसोटी १९६२ ची. राज्य मिळाले होते, समितीची एकजूट विस्कटली होती, यशवंतराव चव्हाणांची काँग्रेस भरात होती. नाथ पै तरीही जिंकले. गंमत अशी की याच भागातून राजघराण्यातले शिवरामराजे भोसले अनेकदा आमदार झाले. विधानसभेला राजेसाहेब आणि लोकसभेला समाजवादी, असा निवाडा येथला मतदार करू शकत होता.

५/ आता संवादाकडे. दक्षिण कोकणातले कर्ते पुरुष गिरणगावात आणि घर चाले मनीऑर्डरीवर. म्हणजे येथला प्रचार दोन ठिकाणी करावा लागे : मुंबईत चाकरमान्यांच्या खोल्यांतून आणि गावात खळ्यात, पडवीत, मागे राहिलेल्या स्त्रियांशी व वृद्धांशी. साधनहीन पक्षाला मोटारींचे ताफे परवडत नव्हते. राष्ट्र सेवा दलात घडलेले शिक्षक व तरुण हेच त्याचे भांडवल. वाडीवरचा मास्तर निवडणुकीपूर्वीही भेटे आणि निवडणुकीनंतरही. माझ्या मते खरा फरक येथेच पडला.

६/ आणि बोलणे मालवणीत. ‘रेल्वे कधी येतली?’ हा प्रश्न घराघरांतला. नाथ पैंनी तो संसदेत नेला. आणीबाणीत दंडवते तुरुंगात होते. १९७७ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले आणि ते थेट रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्या त्यांच्याच काळात. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, दंडवते अर्थमंत्री.

७/ १९९१ मध्ये दंडवते पराभूत झाले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले.

८/ कारण केवळ त्या वर्षीच्या राजकारणात शोधू नये. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडला. चाकरमान्याशी बोलण्याची जी वाट समाजवाद्यांनी मळवली होती, तिच्यावरून आता शिवसेनेची शाखा गावी पोहोचली. १९९० मध्ये नारायण राणे मालवणमधून आमदार झाले. १९९६ मध्ये राजापूरची लोकसभाही सेनेच्या सुरेश प्रभूंनी जिंकली. समाजवाद्यांकडे विश्वासाची माणसे होती, पण पक्ष सतत फुटत आणि नावे बदलत राहिला. ‘प्रजा समाजवादी’, ‘समाजवादी’, ‘जनता’, ‘जनता दल’ : कार्यकर्त्याने दारात उभे राहून दर वेळी नवे चिन्ह समजावून सांगायचे तरी किती?

९/ २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वेमार्गावर वाहतूक सुरू झाली. महाराष्ट्राच्या हद्दीतले तिचे शेवटचे स्थानक मडुरे. बांद्याच्या अगदी जवळचे. तोवर दंडवत्यांच्या पराभवाला सात वर्षे होत आली होती.