हजेरी: चावडीवरची आणि खिशातली

डिंभे धरणाच्या काठावरील वस्त्यांतून माझ्या वर्गात मुले येतात. १९११ चा गुन्हेगार जमाती कायदा शिकवीत असताना त्यांच्यातल्या एकाने विचारले, "सर, आता फोनच आपली हजेरी घेतो. पण आपण काही चोरी केलेली नाही, मग भ्यायचं कशाला?" वर्ग हसला. मला हसता आले नाही. चावडीवर हजेरी देणारे माझे पणजोबाही हेच विचारीत, असे आजी सांगे: "म्या काय केलंय?"

हा प्रश्न त्या वहीला लागूच नव्हता. १८७१ चा मूळ कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लावता येऊ लागला. कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींविषयी सरकार जाहीरनामा काढी आणि त्या जमातीत जन्मलेला माणूस नोंदवहीत जाई. बोटांचे ठसे घेतले जात. ठरल्या वेळी हजर राहावयाचे, मुक्काम हलविला तर कळवावयाचे. जाहीरनामा योग्य की अयोग्य हे तपासण्याची मुभा कोणत्याही कोर्टाला नव्हती. तू काय केलेस हे वही विचारीत नव्हती. तू कोणाचा, एवढेच विचारीत होती. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. देशभरातून हा कायदा पूर्णपणे जाण्यासाठी मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत वाट पाहावी लागली. आणि १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा करून नोंदवही पुन्हा मांडलीच!

आज जाहीरनामा निघत नाही. 'मान्य आहे' हे बटण आपणच दाबतो. मग आपण कोठे आहोत, कोणाशी बोलतो, १४ एप्रिलला कोणाची भाषणे ऐकतो, हे सारे गोळा होते. जात विचारण्याची गरजच उरत नाही. आडनाव, वस्ती आणि ऐकलेली गाणी यांवरून यंत्र आपल्याला एखाद्या गटात टाकते. २०१८ साली उघडकीस आलेले केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवावे. प्रश्नावलीचे ॲप सुमारे २ लाख ७० हजार जणांनी घेतले होते. मित्रयादीच्या वाटेने ८ कोटी ७० लाखांपर्यंत फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती गेली. उरलेल्यांनी कोणतेही बटण दाबले नव्हते. एकट्याने काळजी घेऊन हे कसे टळावे?

म्हणून वह्या जाळा असे मी म्हणणार नाही. मी शिकलो तो जातीच्या दाखल्यावर. घोड नदीवर धरण झाले, आंबेगाव पाण्याखाली गेले. अशा वेळी ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याचा घाम भरपाईच्या हिशेबात धरला जात नाही. आमचे भांडण वहीशी नाही. ती कोणाच्या हाती आहे आणि आम्हाला ती उघडता येते काय, हे विचारावयाचे आहे. रोजगार हमीचा हजेरीपट कार्यकर्ते ग्रामसभेत मोठ्याने वाचीत, खोटी नावे पकडीत. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मोबाईलच्या फोटोने हजेरी सक्तीची झाली, आणि फोटो चढला नाही म्हणून दिवस बुडाल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या.

पहिले आधार २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीत, आदिवासी मुलखात दिले गेले. पुन्हा बोटांचे ठसे! खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. त्यावर २०२३ साली माहिती-संरक्षणाचा कायदा आला. त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे. शिवाय माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधील व्यापक जनहिताची वाट त्यानेच काढून टाकली. म्हणजे त्यांनी आम्हाला पाहावे, आणि आम्ही त्यांचे दप्तर मागितले की ते खाजगी!

तास संपल्यावर तो मुलगा थांबला. फोनमधील नकाशा उघडून त्याने जुन्या तारखा दाखविल्या. १ जानेवारी, कोरेगाव भीमा. त्याच्या मागच्या वर्षीही तेच.

"सर, हे मी पुसून टाकीन. पण आणखी कुणाकुणाकडे असंल?"

मला उत्तर देता आले नाही.